तेरापैकी नऊ विरोधात, तरी खुर्ची जागेवर

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर तुम्हाला लगेच कळेल. करवीर तालुक्यातील तुमच्या गावच्या दूध संस्थेत तेरा संचालक आहेत आणि त्यांपैकी नऊ जण चेअरमनच्या विरोधात उघड बोलतात. गेल्या वार्षिक सभेत सभासदांनी चेअरमनना अहवालही वाचू दिला नाही. निवडून आल्यावर एक वर्षाने राजीनामा देऊन दुसऱ्याला संधी द्यायची, असा शब्द त्यांनी पॅनेलच्या बैठकीत देवळात बसून दिला होता. तो त्यांनी पाळला नाही. त्या मुदतीलाही आता दीड वर्ष उलटले, तरी धनादेशावर सही त्यांचीच होते आणि तालुक्याच्या कार्यक्रमात व्यासपीठावर तेच बसतात. ज्याच्या मागे माणूस उरला नाही तो सत्तेवर टिकतो तरी कसा, आणि मोठ्या राजकारणातही हे असेच चालते का, असे तुम्ही विचारले आहे.

मी सहकार खात्यात एकतीस वर्षे नोकरी केली आणि कोल्हापुरातच सहायक निबंधक म्हणून निवृत्त झाले. अविश्वास ठरावाच्या सभेचे अध्यक्षस्थान निबंधकाने किंवा त्याने नेमलेल्या, सहायक निबंधकापेक्षा कमी दर्जाच्या नसलेल्या अधिकाऱ्याने घ्यायचे असते, त्यामुळे अशा पुष्कळ सभा मी चालवल्या. त्या सभेत आम्हाला मत नसते. सगळे जण आकडे मोजण्यात गुंतलेले असताना माणसांचे चेहरे पाहायला मला वेळ मिळायचा, आणि जे मी आता सांगणार आहे ते बरेचसे तिथेच शिकले.

तुमच्या प्रश्नात एक गृहीत धरलेली गोष्ट आहे, तिथून सुरुवात करू. तुम्ही नाराजी आणि मत या दोन गोष्टी एकच धरल्या आहेत. नऊ जण विरोधात बोलतात याचा अर्थ नऊ जण विरोधात मत देतील असा होत नाही, आणि तुमच्या बाबतीत हा फरक जीवघेणा आहे. सहकार कायदा १९६० च्या कलम ७३-१ड प्रमाणे अविश्वास ठरावाची सभा मागायला एक तृतीयांश संचालकांच्या सह्या पुरतात; पण ठराव मंजूर व्हायला मतदानाचा हक्क असलेल्या एकूण संचालकांच्या दोन तृतीयांश मते लागतात. हजर असलेल्यांच्या नव्हे, एकूण संचालकांच्या. तेराचे दोन तृतीयांश म्हणजे आठ पूर्णांक आणि वर काही, म्हणजे प्रत्यक्षात नऊ. नऊ हा आकडा तुम्हाला भक्कम बहुमत वाटतो. मला तो अगदी काठावरचा वाटतो. त्यातला एक माणूस त्या दिवशी आजारी पडला, एकाच्या घरी सुतक आले, किंवा एकाने आदल्या रात्री विचार बदलला, तर उरलेल्या आठ जणांच्या रागाला कायद्याच्या दृष्टीने काही किंमत उरत नाही. तुमच्या चेअरमनना नऊ जणांना जिंकायचे नाही. त्यांना फक्त एकाला सांभाळायचे आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. सत्ता कशी टिकते हे ती कोणत्या प्रकारची आहे यावर पुष्कळ अवलंबून असते. ज्याच्या हातात फौज किंवा पोलीस आहेत त्याचे गणित वेगळे, पक्षाच्या नेत्याचे वेगळे, थेट जनतेतून निवडून आलेल्या सरपंचाचे वेगळे. अशा सरपंचाविरुद्ध सदस्यांनी ठराव केला तरी पुढे ग्रामसभेची मान्यता लागते. दूध संस्थेच्या चेअरमनला संचालक निवडतात आणि संचालकच काढू शकतात. मी जवळून पाहिले ते संस्थांमधले राजकारण. मोठ्या सत्तेची उदाहरणे मी देईन ती तुलनेपुरती, कारण माणसाचे वागणे फारसे बदलत नाही, फक्त पणाला लागलेली वस्तू बदलते.

एक सभा मला अजून तपशीलवार आठवते. पन्हाळा तालुक्यातले गाव, तेराच संचालक, सभेची मागणी करणाऱ्या अर्जावर दहा सह्या. सभा सकाळी अकराची होती. संस्थेच्या वरच्या मजल्यावरची खोली, एका भिंतीला पशुखाद्याची पोती रचलेली, त्या पेंडेचा वास. विरोधी गटाचे संचालक एका जीपमधून एकत्र आले. चार दिवस ते कोकणात कुठेतरी मुक्कामाला होते. नऊच उतरले. दहावा वाटेतच आजोळी जाऊन येतो म्हणून गेला होता, तो आलाच नाही. तरी नऊ पुरेसे होते. मी ठराव वाचला आणि एकेकाचे नाव पुकारायला सुरुवात केली. या मतदानात चिठ्ठी नसते. कोण बाजूने आणि कोण विरोधात, ती नावे सभेत वाचायची असतात आणि इतिवृत्तात लिहायची असतात. पाच, सहा, सात, आठ हात ठरावाच्या बाजूने झाले. नववे नाव एका साठीच्या माणसाचे होते. त्याने गांधी टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि तिची घडी तो मघापासून घालत आणि मोडत होता. नाव पुकारल्यावर त्याने चेअरमनकडे पाहिले नाही, आपल्या गटाकडेही पाहिले नाही. टोपीकडे पाहत तो म्हणाला, "ठरावाच्या विरोधात." खोलीत कोणी ओरडले नाही. त्याच्या शेजारी बसलेल्या माणसाने, जो चार दिवस त्याच्याबरोबर एका ताटात जेवला होता, नुसती खुर्ची थोडी बाजूला सरकवली. आठ बाजूने, चार विरोधात, एक गैरहजर; ठराव फेटाळला गेला.

त्या माणसाला पैसे पोचले, असे गावाने ठरवून टाकले. नंतर मला जे कळले ते निराळे होते. मुलीच्या लग्नासाठी त्याने एका पतसंस्थेचे कर्ज काढले होते आणि त्या कर्जाला जामीन होते चेअरमनचे थोरले बंधू. आदल्या रात्री कोणीही त्याला धमकी दिली नाही. बंधूंनी फोन करून एवढेच सांगितले की पतसंस्थेचा वसुली अधिकारी विचारत होता, मी म्हटले माणूस आपला आहे, थांबा थोडे.

मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते ते हे की नाराजी सगळ्यांची मिळून असते, पण गरज ज्याची त्याची एकट्याची असते. नऊ जण एकत्र बसले की ते नाराज संचालक असतात. रात्री आपापल्या घरी गेले की त्यांतला एक जामिनाच्या ओझ्याखालचा बाप असतो, एकाचा पुतण्या संस्थेत लिपिक असतो, एकाची बांधावरून भावकीत तक्रार चालू असते आणि ती मिटवणारा माणूस चेअरमनच्या गल्लीतला असतो. टिकणारा नेता गटाशी भांडत नाही. गटाची पुन्हा एकेकटी माणसे करतो आणि प्रत्येकाशी त्याच्या ओट्यावर जाऊन बोलतो. तुमचे चेअरमन वार्षिक सभेत गप्प बसले याचे तुम्हाला नवल वाटले असेल. सभेत त्यांना काही मिळवायचेच नव्हते.

या गरजा कशा तयार होतात तेही पाहू, कारण त्या काही आभाळातून पडत नाहीत. दूध संस्थेत रोज दोन वेळा सत्ता वापरली जाते आणि ती संचालकांच्या खोलीत नव्हे, तर खाली संकलनाच्या खिडकीपाशी वापरली जाते. म्हशीच्या दुधाचा दर फॅटवर, म्हणजे दुधातल्या स्निग्धांशावर ठरतो. एखाद्या उत्पादकाच्या दुधाला रोज साडेसहाची फॅट लागत असेल आणि एका आठवड्यात ती सहाच्या आसपास येऊ लागली, तर त्याला बिलात फरक दिसतो, पण तो सिद्ध काय करणार? म्हैस गाभण आहे, वैरण बदलली, पाऊस लागला, कारणे शंभर देता येतात. यंत्रावर बसणारा मुलगा कोणाचा आहे हे गावाला ठाऊक असते. मी अशा तक्रारींची तपासणी केली तेव्हा बहुतेक वेळा यंत्र ठीक निघाले आणि तक्रारही प्रामाणिक निघाली, कारण नमुना कसा घेतला, दूध ढवळून घेतले की न ढवळता घेतले, हे त्या मुलाच्या हातात असते. यात भर म्हणून पुढच्या बिलावरची उचल, पशुखाद्याची उधारी, म्हैस खरेदीच्या कर्जाची शिफारस. यांतले काहीच बेकायदा नसते. फक्त ते वेळेवर मिळते की उशिरा मिळते, एवढे एका माणसाच्या मनावर असते.

आणि उधारीला दुसरी धारही असते. संचालक स्वतः संस्थेचा थकबाकीदार झाला तर कलम ७३कअ खाली तो संचालकपदालाच अपात्र ठरू शकतो. हुशार चेअरमन आपल्या विरोधकाला उधार देताना हात आखडता घेत नाहीत. उलट सैल सोडतात. मग अविश्वासाची चर्चा सुरू झाली की थकबाकीची नोटीस निघते. तुमच्या नऊ जणांपैकी किती जणांच्या नावावर संस्थेची येणी आहेत, हे तुम्ही पाहिले आहे का? माझा अनुभव असा की विरोधी गट चेअरमनच्या भ्रष्टाचाराचे कागद गोळा करण्यात महिने घालवतो आणि स्वतःच्या खातेउताऱ्याची एक प्रत काढत नाही.

आतापर्यंत मी संस्थेच्या आतले सांगितले. पण चेअरमनची निम्मी ताकद संस्थेच्या बाहेर असते, आणि कोल्हापूर जिल्ह्यात ती एका शब्दात सांगता येते: ठराव. जिल्हा दूध संघाच्या निवडणुकीत गावातला उत्पादक मत देत नाही. प्रत्येक प्राथमिक संस्था ठराव करून एक प्रतिनिधी पाठवते आणि तो मत देतो. १९६३ साली स्थापन झालेल्या आपल्या जिल्हा संघाच्या निवडणुकीत, ज्याला सगळे गोकुळ म्हणून ओळखतात, ठरावधारकाला किती मान असतो हे तुम्ही २०२१ मध्ये पाहिलेच असेल. त्या वर्षी तिथली कित्येक वर्षांची सत्ता याच मतांनी बदलली. आता तुमच्या चेअरमनच्या जागी बसून विचार करा. गावातले तीनशे उत्पादक त्यांच्यावर नाराज आहेत, पण तालुक्याच्या नेत्याला त्या तीनशेंशी घेणे नाही. त्याला ठराव हवा आहे, आणि तो करण्याच्या जागेवर चेअरमन आहेत. मग तोच नेता तुमच्या एकेका संचालकाला बोलावून सांगतो, एवढी निवडणूक होऊ दे, मग तुमचे बघू. तुमचे दीड वर्ष अशाच 'एवढे होऊ दे' मध्ये गेले असण्याची शक्यता मला फार वाटते.

ही गोष्ट नवी नाही, आणि ती आपल्याच पन्हाळ्यावर घडली आहे. ३ एप्रिल १६८० रोजी शिवाजी महाराजांचे निधन झाले तेव्हा संभाजीराजे पन्हाळ्यावर होते. रायगडावर अण्णाजी दत्तोंसारखे मुरलेले मंत्री त्यांच्या विरोधात गेले आणि त्यांनी लहानग्या राजारामांना गादीवर बसवले. राज्याचा कारभार चालवणारी बहुतेक वजनदार माणसे एका बाजूला होती. पण फौज सेनापती हंबीरराव मोहिते यांच्याकडे होती. हंबीरराव हे राजारामांच्या मातोश्री सोयराबाई यांचे बंधू, म्हणजे नात्याने ते भाच्याच्या बाजूने जातील असे कोणालाही वाटले असते. ते संभाजीराजांच्या बाजूने उभे राहिले, आणि पन्हाळ्याकडे निघालेले मंत्री कैदी म्हणून तिथे पोचले. विरोधात किती जण आहेत यापेक्षा, ज्याच्या एकट्याच्या कलाने पारडे फिरते तो कुठे आहे, यावर ते सगळे ठरले. तुमच्या गावात तो माणूस संचालक असेलच असे नाही. तो सचिव असू शकतो, कारण कागद त्याच्याकडे असतात; किंवा तालुक्याचा नेता. तो कोण हे तुम्ही ओळखले नसेल तर नऊ सह्या घेऊन फिरण्यात अर्थ नाही.

त्याच प्रकरणाचा पुढचा भागही शिकण्यासारखा आहे. संभाजी महाराजांनी त्या मंत्र्यांना क्षमा करून पुन्हा पदे दिली, आणि १६८१ मध्ये त्यांतल्याच काहींनी पुन्हा कट केला. तेव्हा मात्र त्यांना देहदंड झाला. उलटलेल्या माणसाला परत घेणे हा सत्ता राखण्याचा मोठा उपाय आहे, पण ज्याने एकदा जाहीर विरोध केला तो मनातून किती परतला हे कोणी सांगू शकत नाही. म्हणूनच अविश्वास फेटाळला गेल्यावर शहाणा चेअरमन विरोधी गटातल्या दोघांना व्हाईस चेअरमनपद किंवा एखाद्या समितीचे मोठेपण देतो, पण सही आणि चावी देत नाही.

आता मी तुमच्या नऊ जणांकडे वळते, कारण चेअरमन टिकण्याचे सगळ्यांत मोठे कारण बहुधा तिथेच आहे. मी तुम्हाला एकच प्रश्न विचारते: आताचे चेअरमन गेल्यावर चेअरमन कोण? या प्रश्नाला नऊ जणांकडून एकच नाव येत नसेल, तर तुमच्याकडे नऊ जण नाहीत. एकेक वर्षाच्या पाळीचा शब्द आपल्या जिल्ह्यात जवळजवळ प्रत्येक पॅनेलमध्ये दिला जातो, आणि तो देताना तीन-चार जणांना वेगवेगळा दिला जातो. प्रत्येकाला वाटते पुढची पाळी माझी. जोवर जुना माणूस खुर्चीवर आहे तोवर हे तिघे-चौघे मित्र असतात. तो उठला की त्याच संध्याकाळी ते एकमेकांचे प्रतिस्पर्धी होतात, आणि हे त्यांना आतून माहीत असते. म्हणून 'हा जावा' यावर एकमत असूनही 'आज जावा' यावर होत नाही. चेअरमनना त्यासाठी फार कष्ट करावे लागत नाहीत. एकाला बाजूला घेऊन "मी सोडायला तयार आहे, पण तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला देणार नाही" एवढे म्हटले की पुरते. हेच वाक्य तीन घरांत सांगितले जाते. माझ्या माहितीत अशी एक संस्था आहे जिथे तिघांना आपल्याला एकच वचन दिले गेले हे चेअरमनच्या नातवाच्या बारशात जेवताना कळले, तोवर मुदत संपत आली होती.

काळ नेहमी खुर्चीवरच्या माणसाचा असतो. कायद्याने पद घेतल्यापासून काही काळ अविश्वास आणता येत नाही आणि फेटाळला गेल्यावरही लगेच पुन्हा आणता येत नाही. हे काळ कायद्यातल्या दुरुस्त्यांनी बदलतात, म्हणून तारीख मोजण्यापूर्वी निबंधक कार्यालयातून आजची तरतूद लेखी घ्या. फसलेला अविश्वास हा चेअरमनला मिळालेला मुदतवाढीचा कागदच असतो. ब्रिटनच्या हुजूर पक्षातही असाच नियम आहे. तिथे नेत्यावरचा अविश्वास फसला की वर्षभर पुन्हा आणता येत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये पंतप्रधान थेरेसा मे २०० विरुद्ध ११७ मतांनी वाचल्या. जून २०२२ मध्ये पंतप्रधान बोरिस जॉन्सन २११ विरुद्ध १४८ मतांनी वाचले. नियमाने दोघे सुरक्षित होते, पण मे यांना पुढच्या मे महिन्यात पायउतार होण्याची घोषणा करावी लागली आणि जॉन्सन यांना तर एका महिन्यात. कारण पन्नासहून अधिक मंत्री आणि पदाधिकाऱ्यांनी काही दिवसांत एकामागून एक राजीनामे दिले. पद नियमाने वाचते, पण कारभार चालवायला हात लागतात, आणि हात काढून घेतले की नियम पुरा पडत नाही. मात्र एक फरक ध्यानात ठेवा. तिथले मतदान गुप्त असते. आपल्याकडे नाव पुकारून मत द्यायचे असते, आणि टोपीची घडी घालणाऱ्या त्या माणसाला चिठ्ठी मिळाली असती तर त्याने काय लिहिले असते, याबद्दल मला शंका नाही.

तुमच्या चेअरमननी इतकी नाचक्की होऊनही राजीनामा का दिला नाही, याचे उत्तरही मोठ्या राजकारणात सापडते. जून २०२२ मध्ये शिवसेनेचे बहुसंख्य आमदार एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गेल्यावर उद्धव ठाकरे यांनी २९ तारखेला, विधानसभेतल्या बहुमत चाचणीच्या आदल्या रात्री, मुख्यमंत्रिपद सोडले. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यपालांचा चाचणी घेण्याचा निर्णय चुकीचा ठरवला, पण ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिल्यामुळे त्यांना पुन्हा पदावर बसवता येणार नाही, असे सांगितले. त्यांनी राजीनामा द्यायला हवा होता की नको हा मानाचा आणि नीतीचा प्रश्न आहे, त्यात मी जात नाही. पण हा निकाल गावोगावच्या पुढाऱ्यांनी लक्ष देऊन वाचला आहे. स्वतः उठलेल्या माणसाला खुर्ची परत मिळत नाही, उठवलेल्याला निदान दाद मागता येते, एवढे त्यांनी त्यातून घेतले.

आणखी एक मार्ग आहे, तो म्हणजे उलटलेल्या पाठीराख्यांच्या डोक्यावरून पलीकडे जाणे आणि नवे पाठीराखे उभे करणे. १९६९ मध्ये काँग्रेसमधल्या ज्येष्ठांशी बिनसल्यावर इंदिरा गांधींनी जुलैत चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण केले, नोव्हेंबरमध्ये पक्षातून काढले गेल्यावर बाहेरच्या पक्षांच्या पाठिंब्याने सरकार राखले आणि १९७१ मध्ये थेट मतदारांकडून बहुमत आणले. याचे सर्वांत उदात्त रूप मात्र मला आपल्या कोल्हापुरातच दिसते. वेदोक्ताच्या, म्हणजे राजघराण्याचे विधी वैदिक मंत्रांनी करायचे की नाही या वादात राज्यातला सुशिक्षित आणि अधिकारावर बसलेला वर्ग राजर्षी शाहू महाराजांच्या विरोधात गेला, तेव्हा त्यांनी त्या वर्गाची मनधरणी केली नाही. त्यांनी वसतिगृहे उघडली, आणि २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने मागासलेल्या वर्गांसाठी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या राखून ठेवल्या. ज्यांना दारात कोणी उभे करत नव्हते त्यांना त्यांनी राज्यकारभारात आणले. दूध संस्थेतला चेअरमन जेव्हा निवडणुकीच्या तोंडावर ज्यांच्या गोठ्यात एकही जनावर नाही अशा पन्नास जणांना सभासद करून घेतो, तेव्हा तोही नवे पाठीराखेच तयार करत असतो. दोन्हींतला फरक असा की शाहू महाराजांनी उभी केलेली माणसे त्यांच्यानंतरही उभी राहिली. तुमच्या संस्थेची सभासद यादी पाहा, आणि गेल्या दोन वर्षांत किती नवी नावे आली आणि त्यांतली किती प्रत्यक्ष दूध घालतात, ते तपासा.

आता एक गोष्ट सांगते, जी तुम्हाला कदाचित आवडणार नाही. पाठीराखे उलटले म्हणजे नेता चुकला, असे दर वेळी नसते. मी असे चेअरमन पाहिले आहेत की ज्यांनी संचालकांची जुनी थकबाकी वसूल करायला घेतली, पाणी घातलेले दूध संचालकाच्या घरचे असले तरी परत पाठवले, आणि सहा महिन्यांत सगळी समिती त्यांच्या विरोधात गेली. अशा माणसाला दोन तृतीयांशाच्या अटीने वाचवले याचा मला आनंदच आहे. ती अट वाईट माणसासाठी केलेली नाही. तुमच्या प्रकरणात शब्द मोडला गेला हे खरे, पण तो शब्द पॅनेलमधल्या लोकांनी आपसांत वाटून घेतलेल्या पदाचा होता. सभासदांचे त्यात काय बिघडले, दर कमी मिळाला, दिवाळीला मिळणारा दरफरक कमी आला की हिशोब लपवला गेला, हे तुमच्या प्रश्नात मला कुठे दिसले नाही. ते सांगता आले तर सभासद तुमच्या मागे शेवटपर्यंत राहतील. नुसत्या पाळीसाठी ते एका सभेपुरतेच ओरडतील.

पन्हाळा तालुक्यातल्या त्या गावात पुढे काय झाले ते सांगते, म्हणजे तुम्ही कुठून सुरुवात करावी हे ध्यानात येईल. ठराव फेटाळला गेल्यावर विरोधी गट वर्षभर विस्कळीत होता. मग त्यांच्यातल्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षकाने, जो संचालक होता पण ज्याला कोणी कधी इच्छुक मानले नव्हते, सगळ्यांना पुन्हा बोलावले. या वेळी त्यांनी सहीचा कागद पुढे आणला नाही. आधी प्रत्येकाने आपले खाते सांगायचे, संस्थेची उधारी किती, पतसंस्थेचे कर्ज किती, जामीन कोण. तीन जणांची संस्थेची येणी त्यांनी आपसांत वर्गणी काढून भरली आणि पावत्या घेतल्या. टोपीच्या त्या माणसालाही त्यांनी बोलावले, त्याला कोणी एक शब्द बोलले नाही, आणि त्याच्या कर्जाला गटातल्या दोघांनी जामीन राहून चेअरमनच्या बंधूंना मोकळे केले. त्यानंतर पुढचा चेअरमन म्हणून सर्वांनी त्या शिक्षकाचेच नाव घेतले, कारण उरलेल्या मुदतीनंतर तो पुन्हा उभा राहणार नाही हे सगळ्यांना पटत होते. तालुक्याच्या नेत्याकडे ते शेवटी गेले, आणि गेले ते सह्या घेऊन नव्हे, तर संस्थेचा पुढचा ठराव कोणाच्या नावाने होणार हे सांगायला. एवढे सगळे झाल्यावर माझ्या कार्यालयात अर्ज आला. त्यावर अकरा सह्या होत्या आणि अकरावी सही त्या टोपीवाल्याची होती.

सभेची नोटीस काढून मी तारीख दिली. तारखेच्या दोन दिवस आधी चेअरमननी राजीनामा पाठवला. नव्या चेअरमनच्या पहिल्या सभेचे इतिवृत्त नंतर तपासणीसाठी माझ्यासमोर आले तेव्हा त्यात पहिला विषय असा होता: फॅट मोजणाऱ्या यंत्राचे तोंड खिडकीच्या बाहेरच्या बाजूला करावे, म्हणजे दूध घालणाऱ्याला आकडा स्वतः वाचता येईल. सूचक म्हणून त्या टोपीवाल्याचे नाव होते.